गोलमागून आलेली हाक

आमचा संघ पस्तिशीच्या पुढच्यांचा होता. खरं तर त्यातले बहुतेक चाळिशी ओलांडलेले. जगभरातले ज्यू खेळाडू दर काही वर्षांनी इस्राएलमध्ये जमतात. पोहण्यापासून बुद्धिबळापर्यंत सगळे खेळ होतात आणि म्हाताऱ्या हाडांसाठीही वेगळे गट असतात. भारतातून जातात ते बहुतेक क्रिकेटवालेच. फुटबॉलचा संघ करायचा म्हणजे आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यूंच्या समाजात कोणाच्या गुडघ्यात अजून दम उरलाय हे घरोघरी विचारत फिरायला लागतं. ठाण्यात आता आमची घरं थोडी राहिलीत. ज्यांच्या गुडघ्यात दम होता ते कधीच तिकडे जाऊन स्थायिक झाले.

तरी जमला संघ. रविवारी सकाळी कळव्याला भाड्याच्या टर्फवर सराव करायचो. तासाभरात अर्धे जण कमरेवर हात ठेवून बाजूला उभे असायचे. मी गोलकीपर. पप्पांबरोबर वर्तकनगरला राहतो, डोंबिवलीला एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत लॅबमध्ये नोकरी करतो. गोलमध्ये पळावं लागत नाही म्हणून मी टिकलो असं सगळे म्हणायचे, आणि त्यात तथ्य होतं.

मला गोलकीपर केलं पप्पांनी. माझे एक थोरले काका होते, पप्पांचे दादा. तेही गोलकीपर. मी जन्मायच्या आधीच ते इस्राएलला गेले आणि तिथेच ऐन तरुणपणी वारले. तापाने गेले, असं घरात सांगायचे. आजी दर वर्षी ते गेल्याच्या तिथीला दिवा लावायची आणि त्या दिवशी कोणाशी बोलायची नाही. पप्पाही काकांबद्दल बोलत नसत, पण मैदानावर बोलायचे. मी शाळेत असताना संध्याकाळी मला गोलमध्ये उभं करून सांगायचे, "गुडघे एवढे वाकव. दादा असा उभा राहायचा. किक बसायच्या आधी दोन्ही हातांनी मांड्यांवर एक थाप मारायची. दादा मारायचा." मी मारायचो. पुढे ती सवयच झाली. आपण कोणाची सवय अंगावर घेऊन फिरतोय हे मी विसरूनही गेलो.

निघायच्या आधल्या दिवशी घरी मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. सगळ्यांनी प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी वाटी रिकामी केली, आणि आम्ही एवढी पोटं घेऊन विमानात बसलो.

उद्घाटनाला मोठ्या स्टेडियममध्ये देशादेशांचे संघ चालत गेले. अमेरिकेचे लोक संपतच नव्हते. आम्ही मूठभर. तिरंगा घेऊन आत शिरलो तेव्हा वरच्या एका कोपऱ्यातून मराठीत आरडाओरडा झाला, "ए ठाणं! ए पनवेल!" आमचा सेंटर फॉरवर्ड, जो एरवी कशालाच हलत नाही, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हसत होतो. तोपर्यंत मला सगळं सहलीसारखंच वाटत होतं.

पहिली मॅच ब्राझीलहून आलेल्या संघाशी होती. शहराबाहेरचं लहानसं मैदान, नकली गवत. जुलैचं ऊन त्यावर असं तापत होतं की बुटातूनही तळव्यांना चटके बसत होते. प्रेक्षक फार नव्हते. एका बाजूला ब्राझीलवाल्यांची कुटुंबं ढोल घेऊन बसलेली, दुसऱ्या बाजूला आपली माणसं, साठ-सत्तरीतली, पिशव्यांमधून डबे काढत.

खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. माझ्या मागून, जाळीच्या अगदी जवळून आवाज आला.

"अरे बाहेर ये! बाहेर! पोस्टाला काय चिकटलायस?"

मी वळून बघितलं नाही, वेळच नव्हता. त्यांचा एक उंच गडी बॉल घेऊन एकटा आत घुसत होता. आवाज बरोबर सांगत होता. मी बाहेर झेपावलो आणि बॉल छातीवर घेतला. मागून मोठ्याने हसू आलं आणि मग हाक. माझ्या नावाने नव्हे, काकांच्या नावाने.

आता वळलो. जाळीमागे प्लास्टिकच्या घडीच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरी टोपी, दाढीचे खुंट वाढलेले, हातात काठी. माझ्याकडे बघून मान हलवत होते, आपलं पोरगं बरं खेळलं की हलवतात तशी. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ढोल वाजत होते, कानात घाम गेला होता.

पण ते थांबले नाहीत. प्रत्येक कॉर्नरला, प्रत्येक फ्री किकला त्याच नावाने हाक. "डावीकडे सरक. भिंत नीट लाव. हां, मार थाप." माझे हात मांड्यांवर पडायच्या आधी ते शब्द यायचे. हाफ टाइमला आम्ही बाजू बदलल्या. एका बाईने त्यांची खुर्ची उचलली, त्यांना दंडाला धरून सबंध मैदानाला वळसा घालून आणलं आणि पुन्हा माझ्या मागे बसवलं. आमचे लोक हसायला लागले. "अरे, तुला तर खाजगी कोच मिळाला!"

आम्ही सपाटून हरलो. शिट्टी वाजली तसा मी जाळीमागे गेलो. ते काठी टेकून उठले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. ग्लोव्हच्या वर, उघड्या कातडीवर. म्हाताऱ्या माणसाच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"थंड होतं का रे पाणी?" त्यांनी विचारलं.

त्यांच्याबरोबरची बाई पुढे आली. पंचावन्नच्या आसपासची, मराठी जरा अडखळत बोलणारी. त्यांची मुलगी.

"सॉरी हां. बाबांना आत्ताचं डोक्यात राहत नाही. जुनं सगळं आहे. त्यांचा एक दोस्त होता, तुम्ही त्याच्यासारखे दिसता म्हणून."

"ते कुठले, मूळचे?"

"कल्याण. पण ठाण्याच्या टीममध्ये खेळायचे. बॅक होते, गोलकीपरच्या पुढ्यात."

मी माझं आडनाव सांगितलं. तिने माझा चेहरा निरखला. मग म्हणाली, "तुम्ही त्यांचे कोण?"

"पुतण्या."

ती वडिलांच्या बोटांकडे बघत राहिली. ती बोटं अजून माझ्या मनगटावरच होती. एकेक करून तिला ती सोडवावी लागली.

दोन मॅचच्या मधल्या सुट्टीच्या दिवशी ती मला घ्यायला आली. त्यांचं घर दक्षिणेकडच्या एका बंदराच्या गावात होतं, जिथे आपली खूप माणसं राहतात. जिन्यातच कोथिंबीर आणि नारळाचा वास आला आणि क्षणभर आपण ठाण्यातच कुठल्या बिल्डिंगचा जिना चढतोय असं वाटलं. बैठकीच्या खोलीला बाल्कनी होती, पण तिचा पडदा पूर्ण खाली ओढलेला. भर दुपारी दिवा लावून बसले होते.

"तिकडून समुद्र दिसतो," मुलगी म्हणाली. "बाबा उघडू देत नाहीत. मी लहान होते तेव्हापासून बंदच आहे."

म्हातारबाबा आरामखुर्चीत होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

"भिजून आलास होय?" मग मुलीला, "टॉवेल दे गं ह्याला."

मी भिजलो नव्हतो. गाडीत एसी होता, घामसुद्धा नव्हता. मुलीने मला नजरेने विनवलं आणि टॉवेल आणून दिला. त्यांनी मला खुर्चीपाशी खाली बसवलं आणि माझे कोरडे केस पुसायला लागले. हळूहळू, कानांच्या मागे, मानेवर, नीट. लहानपणी आई पुसायची तसं. मी डोळे मिटून बसलो. हे लिहितानाही मला त्या टॉवेलचा खरखरीतपणा मानेवर जाणवतोय.

"केस ओले ठेवू नकोस," ते म्हणाले. "आईला कळेल."

"नाही ठेवत," मी म्हणालो.

बराच वेळ ते पुसत होते. मग हात थांबले. आवाज एकदम खाली आला.

"मला एक सांग. तुझा हात मी सोडला, का तू सोडलास? तू होतास ना तिथे. मला काही केल्या आठवत नाही. तू सांग."

मी वर बघितलं. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ताट हातात तसंच. हे तिनेही कधी ऐकलेलं नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. थोड्या वेळाने त्यांना डुलकी लागली. टॉवेल माझ्या खांद्यावर राहिला.

जेवताना तिने तिला ठाऊक होतं तेवढं मला सांगितलं. दोघं मित्र ठाण्याहून बरोबरच आले होते. बंदरावर कामाला लागले. एका शनिवारी पोहायला गेले. काका बेफिकीर आत गेले, त्यांना घरच्यांच्या चोरून तलावात पोहायची सवय, समुद्राची ओढ ठाऊक नव्हती. ओढीला लागले. मित्र मागून गेला, त्यांच्यापर्यंत पोचलाही. मग लाटा. किनाऱ्यावरच्या लोकांनी एकालाच बाहेर काढलं. काका दुसऱ्या दिवशी सापडले.

"आम्हाला ताप सांगितला होता," मी म्हणालो.

"बाबांनीच तसं कळवलं. तुमची आजी पाण्याला फार घाबरायची म्हणे. मुलांना तलावावरसुद्धा जाऊ द्यायची नाही. बाबा म्हणायचे, त्या माउलीला बुडाला म्हणून कसं सांगू."

परत सोडताना ती मला कब्रस्तानात घेऊन गेली. काकांच्या दगडावर हिब्रू अक्षरं, आणि खाली बारीक मराठी. मराठी मजकूर तिच्या वडिलांनी कोरायला लावला होता. आमच्या रीतीप्रमाणे मी एक खडा उचलून दगडावर ठेवला. तिथे आधीच खड्यांची रास होती, उन्हाने पांढरी पडलेली. "पाय चालत होते तोवर बाबा यायचे," ती म्हणाली.

हॉटेलवर येऊन मी पप्पांना फोन लावला. कसं सांगायचं ते कळत नव्हतं, म्हणून सरळ सांगितलं. पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.

"पप्पा?"

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "तिकडून एक जण आला होता पूर्वी, त्याने सांगितलं. आजी होती तेव्हा. तिला कशाला सांगायचं म्हणून गप्प राहिलो. ती गेल्यावर कोणाला सांगायचं?"

मग त्यांनी विचारलं, "तो कसा आहे?"

मी हाताची गोष्ट सांगितली. म्हातारबाबांनी विचारलेला प्रश्न सांगितला.

"त्याला सांग," पप्पा म्हणाले, "की दादानेच सोडला. दादा तसाच होता. दुसऱ्याला घेऊन बुडला नसता."

"तुम्हाला कसं माहीत?"

"नाही माहीत. तू सांग."

शेवटची मॅच आम्ही अर्जेंटिनाच्या संघाशी खेळलो. तेही आमच्यासारखेच थकलेले होते, त्यामुळे चुरस झाली. खुर्ची माझ्या मागे होती. आज हाका कमी होत्या. पण मला त्यांचा श्वास ऐकू येतोय असं वाटत होतं, आणि मला एकट्याने गोल सांभाळायचा नाहीये असंही. ऐन शेवटी अर्जेंटिनावाल्यांना पेनल्टी मिळाली. मी रेषेवर उभा राहिलो. मागून काहीच आवाज नाही. मांड्यांवर थाप मारली आणि ती मारताना पहिल्यांदा मला शहारा आला. पप्पांनी मला खेळायला शिकवलंच नव्हतं. त्यांनी रोज संध्याकाळी त्या पोस्टांच्या मध्ये आपला भाऊ उभा करून बघितला होता.

बॉल उजवीकडे आला. मी अडवला. बरोबरीत सुटलो, तो आमचा एकमेव गुण. सगळे माझ्या अंगावर येऊन पडले.

गर्दीतून सुटून मी जाळीमागे गेलो आणि त्यांच्यासमोर गवतावर बसलो. ग्लोव्ह काढले. त्यांनी मनगट धरायच्या आधी मीच त्यांचा हात हातात घेतला.

"हात मी सोडला," मी म्हणालो. "तुम्ही घट्ट धरला होतात." आणि लगेच सुधारलं, कारण मित्र मित्राला असं बोलत नाही. "तू घट्ट धरला होतास रे. मीच सोडला."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मला भीती वाटली की आता ते ओळखतील, हा कोणी वेगळाच. पण त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"मग एवढी वर्षं आला का नाहीस?"

ह्याचं उत्तर पप्पांनी दिलेलं नव्हतं. मी म्हणालो, "आता आलो ना."

त्यांची मुलगी पाठ फिरवून उभी होती. निघताना तिने मला नारळाच्या दुधातल्या चिकच्या हलव्याचा डबा दिला आणि गळ्यात पडली. मला वाटलं, झालं. एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरवून आपण घरी चाललोय.

तसं झालं नाही.

पावसाळा सरता सरता तिचा फोन आला. बाबा आता रोज वाट बघतात, म्हणाली. पूर्वी दोस्त गेला हे त्यांना कुठेतरी माहीत होतं, म्हणून ते रडायचे. आता ते रडत नाहीत. आता त्यांच्या मते दोस्त जिवंत आहे, येऊन गेला, आणि परत यायचं म्हणालाय. जेवताना त्याचं ताट लावायला लावतात. दार उघडं ठेवतात. संध्याकाळी टॉवेल मांडीवर घेऊन बसतात.

"तुम्ही फोनवर दिसलात तर?" तिने विचारलं. "थोडा वेळच."

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी मी माझा मेलेला काका झालो. वर्तकनगरच्या घरात, आतल्या खोलीत दार लावून. बायकोला मी सांगितलं होतं, तिला ते आवडलं नव्हतं. "मेलेल्या माणसाच्या नावाला ओ देऊ नये," ती म्हणायची. पण त्या वेळी ती मुलांना घेऊन खाली जायची, मला बोलू द्यायची.

व्हिडिओवर ते मला ठाण्याचं विचारायचे. तलावाचं पाणी वाढलं का, ग्राउंडवर चिखल आहे का, कोण कोण येतं खेळायला. मी सांगायचो. सुरुवातीला चाचरत, मग सहज. हळूहळू मला न विचारलेलंही सुचायला लागलं. एकदा मी त्यांना एक मॅच सांगितली, कल्याणच्या टीमविरुद्ध, चिखलात. दोघांनी मिळून कसा गोल वाचवला, कोणाचा बूट कसा फाटला. ते खदखदून हसले, "हो हो, बूट फाटलेला!" बोलणं संपल्यावर मी मोबाइल पालथा ठेवला. ती मॅच मी रचलेली होती. निदान मला तसं वाटत होतं. पप्पांनी कधी सांगितली असेल का ते मी त्यांना विचारलं नाही. धीर झाला नाही.

पप्पा ह्या फोनला कधी येत नसत. दुसऱ्या खोलीत टीव्हीचा आवाज मोठा करून बसायचे. हिवाळ्यातल्या एका रविवारी टीव्ही बंद झाला आणि ते येऊन माझ्या मागे उभे राहिले. मी फोनवर बोलत होतो. म्हातारबाबांना त्या दिवशी दम लागत होता, उशीला टेकून होते. त्यांची नजर माझ्यावरून निसटून माझ्या खांद्यामागे गेली.

"हा धाकटा ना?" ते म्हणाले.

मी मोबाइल पप्पांच्या हातात दिला. सत्तरी उलटलेले माझे वडील पलंगाच्या कडेला बसले, चष्मा सारखा केला.

"हो," म्हणाले. "धाकटा."

"किती मोठा झालास रे."

"झालो."

"एक काम कर. आईला काही बोलू नकोस. पण भावावर लक्ष ठेव. तो ऐकत नाही कोणाचं. त्याला पाण्यात जाऊ देऊ नकोस."

पप्पांचा अंगठा पडद्यावर हलला, पुसल्यासारखा.

"नाही जाऊ देणार," ते म्हणाले.

म्हातारबाबांनी समाधानाने डोळे मिटले. मुलीने फोन बंद केला. पप्पा तसेच बसून राहिले आणि मग माझ्या देखत, मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, ते रडले. तोंडावर हात न घेता, आवाज न करता, माझ्याकडेच बघत. ते माझ्याकडे बघून रडत होते का माझ्यात कोणाला बघून, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी म्हातारबाबा गेले. मुलीने कळवलं, काकांच्या शेजारची जागा त्यांनी केव्हाच घेऊन ठेवली होती. पप्पांनी सिनेगॉगमध्ये त्यांच्यासाठी कद्दीश म्हटलं, घरच्या गेलेल्या माणसासाठी म्हणतात ती प्रार्थना. कोणीतरी विचारलं, तुमचे नात्यातले का. पप्पा हो म्हणाले.

यंदा पुन्हा संघ जमवायचं चाललंय. कॅप्टनचा मला फोन आला होता. मी गोलमध्ये उभा राहणार नाही, असं सांगितलं. मग कुठे खेळणार, विचारलं त्याने. म्हटलं, बॅक द्या.